तीन रकाने

आधी. काय केलं. नंतर.
ग्लोरिया साळवे मॅडमनी पट्टीने आखून दिले तीन रकाने,
शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत
जिथला पंखा त्या मुद्दाम बंद ठेवतात,
कारण पंखा फिरत असला
की आमचा शार्दूल माणसं बघत नाही.

मला रकाने नवे नाहीत.
सातपूरला सोळा वर्षं व्हर्निअर लावून बुश मोजतोय,
केसभर इकडेतिकडे झालं की लाल खूण, माल बाजूला.
पहिल्या आठवड्यात पोराची वहीही तशीच भरली.
मॅडमनी पानं उलटली, म्हणाल्या,
"लाल पेन कंपनीतच ठेवत जा, दादा."

मंगळवार. आधी : कुकरची तिसरी शिट्टी.
काय केलं : कपाळ भिंतीवर, नऊ वेळा.
नंतर : मृणालने कडेवर घेतलं. (सहा वर्षांचा. एकवीस किलो.)

गुरुवार. आधी : काहीच नाही.
"काहीतरी असतंच," मॅडम म्हणाल्या, "ऐका."
तीन संध्याकाळी आम्ही दोघं टीव्ही बंद करून
आपल्याच घरात चोरासारखे कान लावून बसलो.
तेव्हा कळलं, खाली पाण्याची मोटर आहे,
आणि सुरू व्हायच्या आधी ती एक बारीक शीळ घालते.
सात वर्षं राहतोय या बिल्डिंगीत.

मग यादी : त्याला काय आवडतं.
मी लिहिलं, द्राक्षं, पिंपळगावची, आपल्या मळ्यातली.
मृणालने खोडलं. "ती तुम्हाला आवडतात."
बराच वेळ पेन चावत बसलो.
शेवटी दोनच ओळी झाल्या :
टेबलावर गरगरत थांबत आलेलं बरणीचं झाकण.
चिवड्यातले शेंगदाणे, नुसते.

दात घासण्याच्या पायऱ्या चौदा.
आरशापुढे उभा राहून स्वतःवरच मोजल्या,
टोपण उघडणं तिसरी, थुंकणं अकरावी.
आधी त्याच्या हातावर आपला हात,
मग नुसतं मनगट धरायचं, मग कोपराला बोट,
मग काहीच नाही, मागे उभं राहायचं.
हे मागे उभं राहणं मृणालला जमतं.
माझा हात अजून हवेत असतो.

मेन रोडवर, भांड्यांच्या दुकानासमोर तो आडवा पडला
तेव्हा मॅडमचं वाक्य आठवत होतो :
ओरडण्याकडे बघू नका, पोराला सोडू नका.
बोलायला सोपं.
गर्दीतून एकजण म्हणाला, "एक ठेवून द्या, गप होईल."
मृणाल रस्त्यावरच मांडी घालून बसली त्याच्याशेजारी,
पर्स मांडीवर, जणू बसची वाट बघतेय.
मी त्या माणसाकडे बघत राहिलो.
घरी येऊन वहीत लिहिलं ते त्याचं नव्हतं.
आधी : लोक. काय केलं : माझ्या मुठी वळल्या.
नंतरचा रकाना तसाच ठेवला.

आता चित्रांची कार्डं आहेत. पाणी. पोळी. झोका.
पुरे.
मॅडमनी बजावलंय, तो "पुरे" देईल तेव्हा खरंच थांबायचं,
नाहीतर त्याच्यासाठी तो नुसता पुठ्ठा.

परवा रात्री मी त्याला लाल-पिवळे ठोकळे लावायला बसवलं होतं,
सेकंड शिफ्टहून आलेलो, एकच घोकत होतो,
"इकडे बघ, शार्दूल, इकडे, इकडे बघ, माझ्याकडे…"
तो उठला. वेल्क्रोचा आवाज झाला, चर्र.
माझ्याकडे न बघताच
माझ्या तळहातावर त्याने कार्ड ठेवलं.

एकच डबा उरला होता लावायचा. आणखी फक्त चार ठोकळे.

मी थांबलो.
ठोकळे तसेच राहिले फरशीवर.
तो गेला, झाकण फिरवू लागला.
ओट्यापाशी मृणाल काही बोलली नाही,
चिवड्याचा डबा उघडला, निवडून
दोन शेंगदाणे आणून दिले. मला.