पाठीवरचा खो

लावण्या गाजूलला ऐकू येत नाही
हे आम्हाला पाचवीपासून माहीत होतं,
जसं माहीत होतं की शाळेमागच्या नळाला
दुपारी दोननंतर पाणी येत नाही.
तेवढंच. त्याचं कुणी काही करत नव्हतं.

खेळाच्या तासाला ती चपला सांभाळायची.
सत्तावीस जोड, ओळीनं,
आणि कुठली कुणाची ते न विचारता ठाऊक.

खरं सांगायचं तर मी तिला संघात घेतलं
ते तिच्या पायांसाठी. दया-बिया काही नव्हती.
एकदा तहेसीनची चप्पल कुत्र्यानं पळवली
अन् अशोक चौकाच्या वळणावर
लावण्या कुत्र्याच्या पुढे होती.

म्हेत्रे सर म्हणाले, "खो ऐकणार कशी?
आणि देणार कशी? नियम आहे,
खो पंचाच्या कानावर पडला पाहिजे."
खरंच होतं. तिचा खो
अर्धा घशातच राहायचा,
बाहेर यायचा तो नुसता वारा.
पोरी हसल्या. मीही हसले, हे लिहून ठेवते.

मग भाग्यवंती बोलली. ती बोलते कमी,
घरी कानडी, शाळेत मराठी,
मधेच कुठंतरी अडकते.
"आमच्या अव्वाला पण ऐकू येत नाही, कारखान्यात.
कुणालाच नाही येत."

सगळ्या गप्प.
प्रत्येकीच्या घरचं कुणी ना कुणी मागावर उभं.
चोवीस माग एका पत्र्याखाली,
त्या खटखटीत माणसाचा आवाज
चुलीतल्या कागदासारखा जातो.
तिथं बोट वर म्हणजे धागा तुटला,
मूठ फिरवली म्हणजे कांडी संपली,
कोपराला हात म्हणजे मालक आला,
छातीवर थाप म्हणजे घरी जा, पोर आजारी आहे.
ही भाषा आम्हाला येत होती,
डबा द्यायला जाता-येता शिकलेली.
मैदानावर मात्र कधी आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोमलनं सुताचे बोळे आणले,
टॉवेलच्या कारखान्यातले, गुलाबी.
नऊच्या नऊजणींनी कानात कोंबले
आणि आठ बसल्या खांबापासून खांबापर्यंत,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे.

एकमेकींवर आदळलो.
माझं नाक फुटलं.
तेव्हा कळलं, इतकी वर्षं
आम्ही हात लागायच्या आधीच उठत होतो,
नुसत्या आवाजावर.
लावण्या बसून राहायची
पाठीवर पुरता पंजा टेकेपर्यंत,
मग सुटायची धोट्यासारखी.

सर दोन दिवस कट्ट्यावरून बघत होते, शेंगा सोलत.
तिसऱ्या दिवशी टरफलं झटकून आले.
"अर्ज करू. सही माझी.
पण लिहायचा तुम्ही."
चार वेळा खाडाखोड झाली.
'तिने खो देताना डावा हात वर केला
तर पंचांनी तो ऐकला असे समजावे.'
'ऐकला'पाशी सरांचं पेन थांबलं.
मग राहू दिलं.

पार्कच्या मैदानावर ऑक्टोबरचं ऊन.
तिच्या पहिल्या खोला
पंच आवाज शोधत इकडंतिकडं बघत राहिले,
दुसऱ्याला त्यांची नजर हातावर गेली,
तिसऱ्यापासून ती तिथंच होती.
चौघींना बाद केलं तिनं.
तरी एका गुणानं हरलो आपण.
माझ्यामुळं. खांबाजवळ पाय घसरला.
भाग्यवंतीची अव्वा रात्रपाळी करून तशीच आली होती,
तिनं लांबूनच मूठ फिरवून दाखवली:
कांडी संपली, दुसरी लाव.

निघताना समोरच्या संघातली
एक उंच पोरगी आली. जरा घुटमळली.
"आमच्यातबी एक आहे. घंटेपाशी बसती.
ते गुलाबी काय होतं, सरावाला घालता म्हणे?"
मी कमरेचा बोळा काढून दिला,
घामानं ओला झालेला.
तिनं तो तसाच मुठीत धरला.

परत येऊन बघतो तर
चपला कशाही पडलेल्या.
त्या दिवशी सांभाळायला कुणीच नव्हतं.
तहेसीनची पुन्हा गेली,
आणि ती घरापर्यंत
एका पायात चप्पल घालून
शिव्या देत, हसत चालत आली.