अकरावी नोट

'फाटक्या नोटा बदलून मिळतील',
एक ओळ मराठीत, एक कन्नडात.
ती पाटी उतरवून बाबांनी पेटी आज सातलाच घरी आणली.
गणपत गल्लीत अजून गिऱ्हाईक होतं.

उद्या मी बिश्केकला निघणार, डॉक्टर व्हायला.
कमरेच्या पिशवीत आठशे डॉलर,
कोरे, इस्त्री केल्यासारखे.
बाबांनी एकेक उजेडाला धरला आणि हसले:
"दुमडलेल्याला तिकडं भाव कमी म्हणे.
म्हंजे तिकडं बी माझ्यासारखा कोणतरी बसलाय की."

कुंद्याचा डबा बाजूला सारून
त्यांनी दहाच्या जुनाट नोटा काढल्या.
"मी खिडकीतला. तू बाहेरची. मोज."
मोजल्या. दहा.
"दे बघू इकडं, एक चिकटल्यासारखी वाटत्या."
दिल्या. त्यांनी अंगठा ओला केला,
फर्रर्र,
परत माझ्या हातात.
"ठेव पिशवीत."
ठेवल्या.
"आता मोज."
सात.

मी त्यांच्या बाह्या चाचपल्या, मांडीखाली बघितलं.
तिन्ही नोटा डाव्या तळहातात होत्या,
पाळलेल्या पाखरासारख्या गप्प.

"एकदा मोजलेलं त्याच्या हातात परत द्यायचं न्हाई.
कमी पडलं तर म्हणायचं, वरनं टाक.
तुझे डॉलर तुझ्या बोटांखाली,
त्याचे मोजून हुईपर्यंत.
तो बोलंल. इंडियातनं आलीस काय, छान देश हाय.
बोलू दे.
तू पुन्हा एकपासनं. मागं रांग लागू दे."

आईनं भांड्यांतून विचारलं,
"आणि रस्त्यात कोणी गाठलं तर?"
"जो चालत येतोय आणि पाटीपरास जास्त भाव सांगतोय
तो पैसे बदलायला आलेला नसतोय.
त्याच्या मागनं पोलीस यील, पाकीट दाखव म्हणंल.
त्याला म्हणायचं, चौकीत चल, तिथं दाखवतो.
खरा असला तर चालंल."

मी सहज विचारलं,
"तुम्ही हे शिकलात कुठं?"

नळ बंद झाला.

नोटबंदीच्या आधीचा पावसाळा.
कडोलीची एक बाई, रताळी विकून साठवलेल्या
पाचशेच्या नोटा उंदरांनी कुरतडलेल्या.
"अकरा हुत्या," बाबा म्हणाले.
"मी दहा म्हटलं. मग तिलाबी दहाच वाटल्या."
दुसऱ्या दिवशी ती आली.
त्यांना वाटलं, भांडायला.
पदरात सहा-सात रताळी होती.
म्हणाली, दुसऱ्या कोणी निम्मेच दिले असते.

ती रताळी त्यांनी खाल्ली का, मी विचारलं नाही.
मी तेव्हा चौथीत होते.
बहुतेक मीही खाल्ली असणार.

तीन रविवार ते कडोलीला जाऊन आले.
नाव विचारलेलं नव्हतं, चेहरा पावसात अर्धा झाकलेला.
मग नोव्हेंबर आला.

पेटीच्या झाकणावर खडूनं लिहिलेलं असतं,
'आधी तुम्ही मोजा, मोठ्यानं'.
इतकी वर्षं मला वाटायचं, ती धंद्याची रीत.

गल्ल्याच्या तळाचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी ती काढली.
एक कोपरा गेलेला, बाकी धड.
याहून वाईट नोटा त्यांनी
खळ लावून, कागद लावून उभ्या केल्यात.
"ही कुठंच चालत न्हाई," म्हणाले,
आणि होती तिथं, तशीच ठेवली.

"चल, परत मोज. या खेपेला मी बोलणार."

एक, दोन, तीन...
"तिकडं थंडी लई असत्या म्हणे?"
एक, दोन, तीन, चार, पाच...
"स्वेटर घेतलीस न्हवं, आईनं विणलेला?"
एक, दोन...
"फोन करशील न्हवं गे?"

एक.