दहाचा पाना

डिकीत नाही, पर्समध्येच असतो माझ्या
दहाचा पाना,
कंगवा, सुट्टे पैसे आणि दंडाला बांधायच्या रबरी पट्ट्याबरोबर.
सकाळी सहाला पहिलं घर, ऐरोली सेक्टर आठ,
उपाशीपोटीची साखर.
त्याआधी पार्किंगमध्ये उकिडवं बसून
गिअरच्या लिव्हरचा बोल्ट अर्धा फेरा,
देवापुढे दिवा लावावा तसा, रोज.
वॉचमन आधी नजर वळवायचा.
आता टॉर्च धरतो.

गाडी सत्त्याण्णवची, सीडी हंड्रेड.
रबाळ्याची कंपनी बंद झाली तेव्हा
दीनानाथमामाने किल्ली हातात ठेवली. म्हणाला,
चारही गिअर पुढे पडतात हिचे,
मागे यायचं ते टाचेनं.

अर्धा फेरा, मग पाव, मग
नुसतं जोर लावल्याचं समाधान.
लिव्हर तरी खुळखुळतेच.
चवडा दाबला की आधी ती स्वतःच झुकते,
जरा विचार करते,
मग कुठे आत खटका.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून पाहिला.
थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला,
तीन दिवस टिकला,
चौथ्या दिवशी चंदेरी चुरा माझ्या सॅंडलवर.

मंगळवारी दिघ्याच्या सिग्नलला
पाय दाबला तर लिव्हर गरकन फिरली.
गाडी दुसऱ्यात अडकलेली.
मागे बर्फाच्या डब्यात सतरा नळ्या,
जांभळी झाकणं, लाल झाकणं,
प्रत्येकीवर माझ्या अक्षरात कुणाचं तरी आडनाव.
अर्ध्या क्लचवर उचलली.
लॅबपर्यंत सगळा रस्ता दुसऱ्यातच,
इंजिन रस्त्याला गाऱ्हाणं सांगतंय,
रिक्षावाला बाजूने ओरडतोय,
ताई, पुढचा टाका की!

दिवा गावात, जाळी वाळत घातलेल्या कुंपणाच्या मागे
हसुराम मढवींची ताडपत्री.
त्यांनी बोल्ट काढला, लिव्हर उपसली,
रॉकेलच्या फडक्याने पुसली
आणि उन्हासमोर धरली, एक डोळा मिटून,
एक्स-रे पाहतात तशी.
फटीतून उजेड आला नाही.

"बाय, ही मिटलेय.
दोनी ओठ एकाला एक टेकलेत.
तू आवलतंस, त बोल्ट नुसता लिव्हरलाच आवलतंय.
दांड्याला कायपन कलत नाय."

दोन वर्षं.
दोन वर्षं रोज सकाळी अर्धा फेरा
लोखंडाने लोखंडाला दिलेली मिठी,
आणि मधला दांडा आपला मोकळाच.

मग त्यांनी करवतीचं पातं घेतलं, नुसतं,
एका टोकाला चिंधी गुंडाळून,
आणि त्या फटीतच चालवायला लागले.
मी म्हटलं, काका, ढिली म्हणून आणली,
तुम्ही अजून कापताय?
"जागाच नसंल, त पकरंल कशी?"
त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.
काळ्या भुकटीची रांगोळी पडत राहिली त्यांच्या गुडघ्यावर.
पुन्हा उन्हासमोर धरली.
एक रेघ उजेड.

लिव्हर बसवली, पाना मलाच दिला.
एक फेरा. अर्धा.
आणि तो थांबला.
माझा हात थकायच्या आधी थांबला.
दांडा सापडला होता.

चाळीस रुपये.
"लिव्हर नवी घाल पावसाल्यानंतर, दाते गेलेत हिचे.
तवर चालंल."

पंपावर फोन पाहिला, शाल्मलीचा मेसेज:
मैत्रिणींकडे आहे, उशीर होईल.
लिहिलं, कोण कोण? कुठे? नक्की किती वाजता?
मागची गाडी हॉर्न मारायला लागली.
एकेक अक्षर पुसलं.
किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, एवढंच पाठवलं,
आणि लगेच वाटलं, चुकलंच बहुतेक.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले.
तिसरा. चौथा.
खट्,
जसं कुणी हाकेसरशी ओ द्यावी.
घणसोली मागे टाकली, कोपरखैरणे मागे टाकलं.
त्या बाजूला माझं
काही कामही नव्हतं.