मागचा खांब

पहिल्या भागात खांब असायचे.
पिवळ्यावर 'मागे', निळ्यावर 'पुढे',
अक्षरं इंग्रजी, पण आम्ही रंगावरूनच ओळखायचो.
नुसतं शिवून भागायचं नाही.
शिवल्यावर पळायचं, आठ आकडे मोजेपर्यंत,
न अडखळता, मणी न वेचता,
तेव्हा कुठे बुटांखाली ठिणग्या फुटायच्या
आणि पडदा पांढरा व्हायचा.
मध्ये भिंत लागली, काटे लागले,
किंवा शेजारच्या प्रज्योतनं कोपर मारलं
की खांबाचा जोर उतरला.
मग तोच काळ, तोच पूल, तेच बेडूक.

बोपोडीत, फाटकाच्या अलीकडे,
ओव्हाळ मामांचं दुकान. तीन टीव्ही, सहा रिमोट,
एक बाक, त्याचा चौथा पाय म्हणजे वीट.
रुपयाला पंधरा मिनिटं.
घड्याळ मामांच्या डाव्या मनगटात
आणि त्याच हाताला बोटं तीन.
वेळ संपली की त्या तीन बोटांनी
टीव्हीच्या डोक्यावर टकटक.
आम्ही हजार वर्षं मागे असलो
तरी तिथे ऐकू यायची.

मागे गेलं की सगळं फिकट,
झाडं नुकतीच रंगवल्यासारखी,
गाण्यातून ढोल काढून घेतलेला.
तिथे कुठेतरी, धबधब्याच्या पाठी, एक यंत्र दडवलेलं,
दिसायला थेट पिठाची गिरणी.
ते फोडलं की पुढचा काळ हिरवा.
नाही फोडलं तर नदी जांभळी, वर फेस, पूल अर्धा.
मला वाटायचं, हे मुळेच्या काठचंच कुणीतरी बनवलंय.
घरी जाताना दापोडीच्या पुलावरून वाकून बघायचे,
जलपर्णीत एक चप्पल अडकलेली,
आणि खात्री पटायची,
आपलं कुठलंतरी यंत्र फोडायचं राहिलंय.

दुसऱ्या भागात खांब गेले, घंटा आली.
तिसऱ्यात वाळूचं घड्याळ, एका डावात तीनदाच उलटायचं.
चौथा तापकीर गल्लीत आलाय असं कळलं.
मामा बसनं गेले, घेऊन आले, आम्ही श्वास धरून,
कॅसेटीवर चित्र चौथ्याचं, आत पहिलाच.
'घ्या,' मामा म्हणाले, 'पोचलो की मागं.
पळावंसुद्धा लागलं नाही.'

एका गुरुवारी लाइट गेली.
बाकीचे घरी. मी बसून, कारण पैसे दिले होते.
मामा मेणबत्ती शोधत होते.
मी विचारलं, बोटं कधी गेली?
'ब्याऐंशी साली. खडकीला, कारखान्यात. दुसरी पाळी.
प्रेस खाली येत होता, मी वर बघत होतो.'
वर काय होतं ते सांगितलं नाही.
मी म्हटलं, मामा, मला खांब मिळाला असता ना,
तर ब्याऐंशीपर्यंत पळाले असते
आणि तो प्रेसच फोडला असता.

मामांनी मेण थोडं ओघळू दिलं,
मग त्यात मेणबत्ती उभी केली.
'दोन बोटांचे साडेनऊ हजार आले.
जपून ठेवले. त्यातनं हे टीव्ही.
मग तू कुठं खेळली असतीस, सुकेशिनी?'

लाइट आली.
त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.
'तुझी चार मिनिटं राहिलीत. खेळ.'

रस्ता रुंद झाला त्यात दुकान गेलं.
मामा त्याआधीच.
आता तिथे मेट्रोचा खांब आहे, करडा,
त्याच्यावर मागे नाही, पुढे नाही, नुसता नंबर.
माझा उजवा गुडघा कुरकुरतो.
तरी सकाळच्या पाळीला जाताना,
कुणी बघत नाही असं बघून,
खांबाला हात लावते आणि भरभर चालू लागते,
एक, दोन,
केळीवाला, बंद एटीएम,
पाच.
फूटपाथ मोकळा आहे, आठपर्यंत सरळ जाता येईल.
मी सहावर थांबते.