मिटलेलं फळ

रंगाच्या रिकाम्या डब्यात रोवली होती ॲकीची बी.
डबा गॅरेजमागे ठेवला आणि विसरलो.
पोर्ट अँटोनियोचा पाऊस काही विसरत नाही.
मुळांनी डब्याचं बूड फोडलं,
आणि डबा होता तिथंच झाड झालं.

जागा चुकली हे फार उशिरा कळलं.
निम्म्या फांद्या कुंपणापलीकडे, पिनॉकच्या अंगणात.
पिनॉकला आठव्या वर्षी आईनं बर्मिंगहॅमला नेलेलं,
साठीत परतला, बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन.
झाड कमरेएवढं होतं तेव्हा
त्याचं कुंपण दीड वीत माझ्याकडे सरकलं.
मी एकदा काही बोललो, तो एकदा काही बोलला.
मग चार वर्षं अबोला.
वाटेत भेटलो तर
दोघंही आपापल्या चपला बघायचो.

ॲकीही तशीच.
हिरवी असताना मुकी, लाल झाली तरी मुकी,
घट्ट ओठांची,
आणि पोटात विष.
चाकूनं उघडायची नाही तिला.
जांभई येऊ दे, आई म्हणायची.
आपणहून तोंड उघडलं की आत दिसतात
तीन काळ्या चकचकीत बिया
आणि त्यांना धरून बसलेला लोण्यासारखा गर.
तेवढाच खायचा.
बी टाकायची, टरफल टाकायचं,
गराच्या खाचेतली लाल शीर तर आठवणीनं टाकायची.
म्हणजे बहुतेक फळ टाकायचंच असतं.

जानेवारीत पहिल्यांदा झाड लगडलं.
रविवारी मिनीबसखालून बाहेर आलो तर
पलीकडे पिनॉक स्टुलावर उभा,
काठीला वाकडी तार बांधलेली,
आणि खाली टोपलीत सात-आठ फळं.
सगळी मिटलेली.
बर्मिंगहॅमला ॲकी डब्यातून मिळते,
सोललेली, मिठाच्या पाण्यातली.
जांभईचं त्याला कोण सांगणार?

खोटं कशाला बोलू,
हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो क्षणभर.
क्षणभराहून जास्तच.
एक कोंबडी कुंपणाखालून तिकडे गेली,
परत आली.

मग ओरडलो.
चार वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही 'गाढवा'.

तो स्टुलावरून उतरला, सावकाश, गुडघा सांभाळत.
मी कुंपणावरून सगळं सांगितलं,
जांभई कशी ती तोंड पसरून दाखवली.
त्यालाही खरीच जांभई आली.
फळं त्यानं खड्ड्यात पुरली,
वर दगड ठेवला, कोंबड्यांसाठी.

गुरुवारी पहिली पाच उघडली.
तीन त्याच्या बाजूची, दोन माझी.
त्याच्या व्हर्नानं खारवलेला मासा रात्रभर भिजवला होता,
कांदा, थाइम, एक अख्खी झणझणीत मिरची,
न फुटू देता.
गर शेवटी, हलक्या हातानं, नाहीतर लगदा होतो.
भाजलेल्या विलायती फणसाच्या फोडींबरोबर खाल्लं,
ताटं कुंपणाच्या खांबांवर ठेवून, उभ्यानंच.
कुणी फारसं बोललं नाही.
तोंडं भरलेली होती.

कुंपणाचं अजून काही ठरलेलं नाही.
दीड वीत दीड वीतच आहे.
पण सकाळी अजून अंधार असतो तेव्हा
पलीकडून टॉर्च फिरतो फांद्यांमधून,
आणि पिनॉकचा आवाज येतो:
"माझ्याकडे चार उघडल्या.
तुझ्याकडे?"