हूड

श्रावण संपत आला तरी गाडीच्या पोटात पाणी वाजतं.
ब्रेक मारला की मागच्या सीटखालून पुढं येतं,
चढ लागला की परत जातं,
उद्यमबागच्या गतिरोधकांवर तर
कुणी भरली घागर घेऊन मागं बसलंय असं वाटतं.

हेराल्ड. दोन दारं, कापडी छप्पर,
नंबर अजून म्हैसूर राज्याचा.
कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरांकडून घेतली तेव्हा
मी पस्तिशीची होते, हट्टी होते,
आणि मार्च महिना होता.
त्यांनी छप्पर उघडून दाखवलं.
मिटून नाही.

तेव्हापासून काय काय लावून झालं:
सायकलच्या ट्यूबची पट्टी, मेणबत्ती,
मच्छेच्या कारखान्यातला काळा चिकटा,
जो माझ्या जांभळ्या साडीला अजून सोडत नाही.
ताडपत्री टाकली, तर वास आत कोंडला
आणि गेल्या आठवड्यात पायाखालच्या गोणपाटावर
तीन छत्र्या उगवल्या. पांढऱ्या, बारीक देठाच्या.
उपटाव्या की नाही, क्षणभर कळेना.

वडगावच्या गल्लीत दस्तगीर किल्लेदार सीटकव्हरं शिवतात.
गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी वास घेतला.
“थेंब पडतंय तिथं भोक नसतंय, बाई.
पाणी चालत येतंय.”
शेजारच्या पार्वतव्वांकडं वाटीभर रांगोळी मागितली.
“याक्री?” त्यांनी विचारलं.
दस्तगीरभाईंनी छपराकडं बोट केलं.
तेवढं पुरलं.

शिवणींवर आतून रांगोळी चोळली,
कमानींवर, काचेवरच्या पट्टीवर.
बॅटरी देऊन मला आत बसवलं, दारं लावली,
आणि वरून तांब्यानं पाणी घालू लागले,
सावकाश, वीत वीत.

आत मी, तोंडावर पांढरी धूळ.
लॅबमध्ये इतकी वर्षं लोकांच्या तापाचं कारण
काचपट्टीवर हुडकत आले,
असा श्वास तिथंही कधी धरला नव्हता.
“आलं?”
“नाही.”
“आता?”
“नाही.”
“आता तरी?”
डाव्या कमानीपाशी रांगोळी करडी झाली.
करड्या रेघेचं टोक हललं,
शिवण धरून निघालं, खिळ्यापाशी थबकलं,
वळलं, हातभर लांब गेलं
आणि नेमकं माझ्या गुडघ्यावर.

भोक नव्हतंच.
जुनी फाट कुणीतरी शिवली होती, नीट, दाट टाक्यांनी,
आणि सुई गेली तिथून तिथून पाणी.
ती शिवण गळली म्हणून शेजारी दुसरी.
तिच्या शेजारी तिसरी, तांबड्या दोऱ्याची.
“ही आमच्या अब्बाची,” दस्तगीरभाई म्हणाले.
चष्मा कपाळावर ढकलून परत जवळून बघितली.
“न्हाई, न्हाई. माझीच.”
मग थोडं थांबून,
“डॉक्टरनी पैसे दिलं नव्हतं बघा.”

नवीन टाका घालायचा नाही, असं ठरलं.
मेण पातळ करून बोटानं भरत गेले एकेक छिद्र.
एकशे चाळीसपर्यंत मी मोजली.
पार्वतव्वा चहा घेऊन आल्या, वाटी घेऊन गेल्या.

शेवटी ते गाडीखाली आडवे झाले.
तळाला रबराची दोन बुचं होती,
इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता.
काढून माझ्या तळहातावर ठेवली.
“छप्पर शंभर टक्के झालं म्हणणार न्हाई मी.
आलेलं जाऊ दे की.”
बराच वेळ गल्लीतून पाणी वाहत राहिलं,
चहाच्या रंगाचं,
आणि त्यातून एक चौकोनी पाच पैसे
टणकन खाली पडले.
ते दस्तगीरभाईंनी खिशात टाकले.
“डॉक्टरचं वसूल.”

जांबोटीच्या रस्त्याला लागले तेव्हा सर चालूच होती.
पिरनवाडी सोडेपर्यंत डावा गुडघा कोरडा.
मग उजवा.
पर्समध्ये हात घालून बुचं चाचपली.
होती.