कळकाची काठी

अण्णांनी अंगणात टाकी पुरली तेव्हा मी चौथीत होते.
डिझेल मिळत नव्हतं. दोन लॉऱ्या दारात उभ्या,
शाहूपुरीत गुळाचे रवे भाड्याची वाट बघत बसलेले.
उद्यमनगरातल्या वेल्डरनं जोडलेली,
म्हशीएवढी, काळी,
आठ जणांनी दोर लावून खड्ड्यात सोडली.
आईनं नारळ फोडला.
अण्णा म्हणाले, "आता जग थांबलं तरी आपली गाडी थांबायची न्हाई."

वर फरशी आली. फरशीवर आम्ही जिबली खेळलो.
कोपऱ्यात पितळी झाकण राहिलं
आणि भिंतीला टेकलेली कळकाची काठी,
चाकूनं कोरलेल्या खुणांची.
रोज संध्याकाळी अण्णा ती आत बुडवायचे,
वर काढून बल्बखाली धरायचे,
ओल कुठवर आली ते बघून
वहीत आकडा लिहायचे.

एका वर्षी आकडा जुळेना.
महिन्याला चार बोटं कमी.

चार बोटं कुठं गेली, हे अण्णांनी केरबाला विचारलं.
केरबा सुतार, अकरा वर्षं आमच्या स्टिअरिंगवर,
माझ्या दप्तराचा तुटलेला बंद तारेनं बांधून देणारा.
तो म्हणाला, "मालक, जोतिबाची आण."
अण्णांनी वही उघडून पुढं धरली.
त्याला वाचता येत नव्हतं.
जाताना त्यानं गाडीची किल्ली
काठीशेजारच्या खिळ्याला अडकवली, नीट, आवाज न करता.

पुढच्या महिन्यात काठी बुडवली.
चार बोटं कमी.
त्यानंतर अण्णांनी मोजायचंच सोडलं.

हे मला आत्ता कळतं.
तेव्हा एवढंच दिसलं, की काठी कोरडी आहे
आणि अण्णा रात्री अंगणात उगाच उभे राहतात.

पलीकडं मुजावरांचा आड.
दिलशादची आई म्हणायची, चहाला रॉकेलचा वास येतो.
आम्ही म्हणायचो, स्टोव्हवर करतेस, येणारच.
त्यांचा कढीपत्ता वाळला. मग शेवगा.
आम्ही म्हणालो, कीड असेल.
आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.
कसबा बावड्याची जमीन नदीकडं उतरती,
हे बावड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
बॉल सुटला तर कुणाच्या दारात जाऊन थांबतो,
तेही.

महापुराच्या साली पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं.
आठ दिवसांनी दिलशादनं मला बोलावलं.
आडात वाकून बघितलं तर
पाण्यावर मोरपीस पसरलेलं,
निळं, जांभळं, हलणारं.
किती सुंदर होतं, हे सांगायची लाज वाटते.
भाऊ म्हणाला, "आता नळ आलाय, आडाचं कोण पितंय?"
दिलशाद म्हणाली, "पिलं की. पस्तीस वर्षं."

जेसीबी आला. टाकी वर आली.
वरून धडधाकट, रंगसुद्धा शाबूत.
पालथी केली, तर पोटाला चाळण.
एक पोरगा भोकं मोजायला बसला,
एकतिसाला कंटाळला.
खड्ड्यातली माती काळी, ओली,
हातात घेतली तर गॅरेजसारखी.
साहेबांनी खड्ड्यात बघितलं, मग आडाकडं,
मग हात नुसता लांब केला,
पंचगंगेच्या दिशेनं.
किती खोल, किती लांब, ते बोलले नाहीत.
माती डंपरमध्ये भरताना मी विचारलं, कुठं टाकणार?
"टाकतो कुठंतर, ताई."
मी पुढं विचारलं नाही.
मीही अण्णांचीच.

वही सापडली, आईच्या ट्रंकेत.
शेवटच्या पानावर लाल शाईत:
केरबा सुतार, येणे, डिझेल लिटर दोनशे चाळीस.
वडणग्याला जाऊन आले. त्याचं घर विकलेलं.
मुलगा इचलकरंजीला असतो, म्हणे, नक्की कुणाला माहीत नाही.

पेन घेऊन बसले आहे.
त्याचं नाव खोडलं.
रकमेपुढं कुणाचं लिहायचं, ते ठरत नाही.
काठी भिंतीला आहे.
साबणानं दोनदा घासली,
खालच्या चार बोटांचा वास जात नाही.